ओहोटी बघा आणि टी रोवा: छोट्या पोरांची बेसबॉल टीम कशी चालवायची

पाच ते आठ वर्षांच्या पोरांना बेसबॉल शिकवायचा असेल तर पहिल्या दिवशी नियम सांगायला बसू नका. स्ट्राईक, वॉक, डबल प्ले यातलं त्यांना काहीही लागत नाही. त्यांना बॉल फेकायचा असतो, मारायचा असतो आणि जीव खाऊन पळायचं असतं, तेवढ्यासाठीच ती आलेली असतात, आणि आपलं काम एवढंच की तासाभरात प्रत्येकाच्या हातात बॉल जितक्या जास्त वेळा येईल तितका आणायचा. सराव बरा झाला की नाही हे मी याच एका गोष्टीवरून ठरवते. बारा पोरं रांगेत उभी आणि एकटाच बॅटिंग करतोय असं झालं की पाच मिनिटांत दोघं वाळूत खड्डा खणायला बसणार, तिसरा चौथ्याला ढकलणार, आणि त्यात पोरांची काहीच चूक नाही, रांग आपण लावलीय.

मी गुहागरच्या बाजूला किनाऱ्यावर आणि कधी शाळेच्या मैदानात पोरांना खेळवते, त्यामुळे जे लिहितेय ते इकडच्या हिशेबाने आहे, पण दापोली, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला कुठेही हेच चालेल.

आधी जागेचं बघू. कोकणात सपाट मोकळं मैदान मिळणं कठीण, कातळावर बॉल कुठेही उडतो आणि पडलं की गुडघे फुटतात, लाल मातीच्या मैदानात खडी असते. ओहोटीला मागे राहिलेली ओली कडक वाळू म्हणजे लहान पोरांसाठी सगळ्यात चांगलं मैदान, पडलं तरी लागत नाही, अनवाणी पळता येतं, काठीने रेघ ओढली की बेस लाईन तयार. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र खेळवू नका, पाय रुततात आणि पोरं दहा मिनिटांत दमतात. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरची जुनी माणसं वापरतात तोच हिशेब वापरा, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे म्हणजे सव्वाअकराच्या आसपास, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं, पण सराव ठरवायला पुरतो. साडेचार ते साडेपाच अशी वेळ धरली तर त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंतच्या संध्याकाळी किनारा आपला, शिवाय उधाणाचे दिवस असल्यामुळे ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि पट्टा रुंद मिळतो. षष्ठी ते दशमी नेमकी संध्याकाळी भरती असते, भांगाची, म्हणजे कमी चढणारी, असली तरी ती कडक पट्टी पाण्याखाली जाते, त्या आठवड्यात सरळ शाळेचं मैदान धरा. कालनिर्णय बघून महिन्याभराच्या तारखा आधीच पालकांच्या ग्रुपवर टाकून द्या, नाहीतर रोज संध्याकाळी "ताई आज कुठे?" असे वीस मेसेज येतात.

बेस चार असतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. जिथून मारायचं तो होम, तिथून उजवीकडचा पहिला, मग दुसरा, तिसरा आणि परत होम असं पळायचं. होम बेस समुद्राच्या बाजूला ठेवा, म्हणजे बॅट्समनचं तोंड सुरूच्या झाडांकडे, पूर्वेला, आणि मारलेला बॉल जमिनीकडे जाईल. उलटं ठेवलं तर प्रत्येक चांगल्या फटक्यामागे सहा पोरं पाण्यात धावत सुटतात, आणि ते अजिबात नको. बेसबॉलच्या नियमांच्या पुस्तकातसुद्धा होमपासून दुसऱ्या बेसकडची रेघ पूर्व-ईशान्येला असावी असंच सुचवलेलं आहे, म्हणजे मावळतीचं ऊन मारणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. फिल्डिंगवाल्यांच्या डोळ्यांत मात्र येतं, म्हणून टोप्या सक्तीच्या आणि सूर्य अगदी खाली यायच्या आत खेळ बंद. होमच्या मागे, पाण्याच्या बाजूला, एक मोठं माणूस कायम उभं पाहिजे. ते फक्त पाण्याकडे जाणारे बॉल आणि पोरं अडवणार, त्याला दुसरं काहीही काम सांगायचं नाही. आणि खेळ सुरू करायच्या आधी दोघा मोठ्यांनी पूर्ण जागा चालून बघायची, जाळ्याचे तुकडे, गळ, काचा, जेलीफिश, जे असेल ते उचलायचं.

बेसमधलं अंतर मोठ्यांच्या खेळात ९० फूट असतं, अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना ६० फूट, आणि अगदी छोट्यांच्या टी-बॉलला (तो काय ते पुढे येतंच) ५० फूटही चालतं. आपल्या पाच-सहा वर्षांच्या पोरांना वाळूत चाळीसेक फूट पुरे. बेस म्हणून दुमडून शिवलेलं गोणपाट किंवा रबरी पायपुसणी घ्या, चिरा किंवा वीट ठेवू नका, पळत आलेलं पोर त्यावर पाय मुरगळून घेतं.

सामानावर पैसे घालवायची घाई करू नका. या वयात पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, नसतो, बॉल एका खुंटीवर ठेवून मारायचा असतो, त्या खुंटीला टी म्हणतात आणि खेळाला टी-बॉल. प्लंबिंगच्या दुकानातून इंचभर जाडीचा पीव्हीसी पाईप तीन-साडेतीन फूट कापून आणा, वरच्या टोकाला गॅरेजमधून रबरी होजचा वीतभर तुकडा घट्ट बसवा, बॅट लागली तर रबर वाकतो आणि पाईप फुटत नाही. वाळूत हा पाईप नुसता रोवायचा. छोटं पोर आलं की दाबून खाली, उंच आलं की थोडा वर ओढायचा, बॉल पोराच्या कंबरेच्या पातळीला आला की झालं. शाळेच्या मैदानात तोच पाईप मातीने भरलेल्या डब्यात उभा करा. असे तीन टी करा, एकावर भागवू नका, एक टी म्हणजे पुन्हा रांग आली.

बॉल टेनिसचा. खरा बेसबॉल साधारण १४२ ते १४९ ग्रॅमचा आणि कडक असतो, टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, आणि तोंडावर बसला तरी पोर थोडं रडून परत खेळायला येतं. कडक बॉल तोंडावर बसला तर ते पोर महिनाभर बॉलला घाबरतं, डोळे मिटून झेल घेतं, आणि ती भीती काढणं फार अवघड जातं. पुढे मऊ गाभ्याचे बेसबॉल मिळाले तर उत्तम. बॅट २४ ते २६ इंचाची, हलकी, प्लॅस्टिक किंवा फोमची सुरुवातीला चालेल. क्रिकेटची बॅट देऊ नका, हातात ती आली की पोराचं अंग आपोआप क्रिकेटचं होतं. टेनिस बॉलवर ग्लोव्ह्ज लागतच नाहीत, उघड्या हातांनी झेल घ्यायला शिकलेलं पोर पुढे ग्लोव्हमध्येही चांगलं घेतं. मऊ असले तरी बेसबॉल आले की मात्र बॅटिंग करणाऱ्याला आणि बेसवर पळणाऱ्यांना हेल्मेट पाहिजेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॅट. या वयात बॉलपेक्षा जास्त इजा बॅटने होते, कोणीतरी बाजूला उगाच फिरवत असतो आणि मागून कोणीतरी पळत येतो. माझा नियम एकच आणि त्याला सूट नाही: बॅट फक्त टी समोर उभ्या असलेल्याच्या हातात. टी भोवती काठीने मोठं वर्तुळ काढा, चांगलं चार पावलं लांब चारी बाजूंनी, आत एकच पोर. बाकीच्या बॅटी गोणीत. पुढचा नंबर कोणाचाही असो, आत जाईपर्यंत हात रिकामे. हे पहिल्या दिवसापासून आणि दर वेळी, पाहुणा म्हणून आलेल्या मुंबईच्या भाच्यालाही तोच नियम.

आपली पोरं क्रिकेट घेऊनच येतात आणि ते मला आवडतं, कारण नजर तयार असते, झेल घ्यायची हिंमत असते, आणि कैऱ्या पाडून पाडून फेकीचा हात तर असा बसलेला असतो की शहरातल्या पोरांना तो शिकवावा लागतो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोघे, बेसबॉल कधी खेळलेले नव्हते, २००८ साली एका फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमने त्यांना करारावर घेतलं. फेकता येणारा हात कुठल्या खेळातून आला याने फरक पडत नाही हे पालकांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

पण क्रिकेटच्या काही सवयी सोडवाव्या लागतात. पोर बॉल मारतं, बॅट घेऊनच पळत सुटतं, आणि पहिल्या बेसजवळ पोचलं की वाकून बॅट लांब करून गोणपाटाला टेकवतं, अगदी क्रीजमध्ये टेकवतात तशी, आणि मग आपल्याकडे बघतं की पोचलो ना. दर नव्या पोराचं हेच होतं. ओरडून उपयोग नाही. होमच्या बाजूला एक रिकामी गोणी टाकायची, ते बॅटचं घर, मारल्यावर बॅट घरात टाकून मग पळायचं, आणि बाकीच्या पोरांनी "घर!" म्हणून ओरडायचं. बॅट फेकून देणं पण नको, ती मागे उभ्या असलेल्याला लागते, ठेवायची. विसरलं तर परत येऊन ठेवायची आणि मग पळायचं, बास, शिक्षा वगैरे काही नाही. दोन-तीन सरावांत बसतं.

दुसरी सवय, मारून उभं राहायचं. क्रिकेटमध्ये रन काढायची की नाही हे आपण ठरवतो, इथे होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेघांच्या आत बॉल गेला की पळायचंच. तिसरी, मागे खेळायचं. लेग ग्लान्सवर टाळ्या मिळालेल्या पोराला दोन रेघांच्या मागे गेलेला बॉल फुकट जातो हे पटायला वेळ लागतो, म्हणून रेघा ठळक ओढा आणि रोज दाखवा. आणि पळायची दिशा. पहिल्या दिवशी सगळ्यांना घेऊन आगगाडी करून चारही बेस चालून या, मग पळून या, मग उलटं म्हणजे होम-तिसरा-दुसरा असं जायला लावा आणि "चूक की बरोबर?" विचारा, त्यांना हे प्रचंड आवडतं. पहिल्या बेसवर थांबायचं नाही, त्यावर पाय देऊन पुढे पळत निघून जायचं, वेग कमी करायची गरज नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र थांबायचं, हा फरक पण पळवूनच कळतो, सांगून नाही.

फेकायला शिकवताना तीन गोष्टी पुरे. आडवं उभं राहायचं, उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा टार्गेटकडे. डावा पाय टार्गेटच्या दिशेने टाकायचा. कोपर खांद्याच्या खाली पडू द्यायचं नाही. बॉलवर वर दोन बोटं आणि खाली अंगठा, हात लहान असेल तर तीन बोटं. बहुतेक पोरं ज्या हाताने फेकतात तोच पाय पुढे टाकतात, त्यांच्यासाठी वाळूत पाऊल काढून ठेवा, "यावर पाय पडला पाहिजे", एवढं सांगितलं की खांदे आपोआप फिरतात. टार्गेट म्हणून लगोरी रचा, करवंट्या रचा, पडल्याचा आवाज आला पाहिजे. लगोरी तर पूर्णच खेळवा, एक टीम फोडते, दुसरी फिल्डिंग करते, यात फेक, झेल, पळणं सगळं येतं आणि पोरांना वाटतं सराव अजून सुरूच झाला नाही. आबाधुबी मात्र मी घेत नाही, अंगावर बॉल मारायची सवय लागते.

डावखुऱ्या पोराला डाव्याच हाताने फेकू द्या, आजी काहीही म्हणोत. ग्लोव्ह दुसऱ्या हातात घालायचा हे पालकांनाही माहीत नसतं, फेकायचा हात मोकळा पाहिजे.

झेल आधी जमिनीवरून. समोरासमोर बसून बॉल घरंगळत द्या, मग उभं राहून, मग खालून हलका वर. घरंगळत येणाऱ्या बॉलला गुडघे वाकवून, एक हात खाली जमिनीला टेकलेला आणि दुसरा वरून येणारा, मगरीचा जबडा मिटल्यासारखा. वर आलेल्या बॉलला छातीच्या वर बोटं आकाशाकडे, कंबरेच्या खाली बोटं जमिनीकडे. ओल्या वाळूवर बॉल जवळजवळ उसळत नाही, त्यामुळे सुरुवात सोपी जाते, पण महिन्यातून एक-दोनदा मैदानात टप्पे घेणारा बॉल द्याच, नाहीतर ती पोरं बाहेर खेळायला गेली की गडबडतात.

बॅटिंगला टी पोराच्या पुढच्या पायाच्या रेषेत, एका हाताच्या अंतरावर. क्रिकेटमध्ये बॅट जमिनीवर टेकलेली असते, इथे ती मागच्या खांद्याच्या वर, कानाजवळ. उजव्या हाताच्या पोराचा उजवा हात वर, डावा खाली, दोन्ही चिकटून. बॅट वरून खाली न आणता कंबरेच्या पातळीत आडवी फिरवायची, आणि नजर बॉलवर, बॉल गेल्यावरसुद्धा टीच्या टोकावर. पाईपला बॅट लागून बॉल खाली पडला तर तो स्ट्राईक-बिईक मोजायचा नाही, परत ठेवायचा. पाचदा नाही लागला तर हात धरून एकत्र मारा आणि पळवा. या वयात एकही पोर न मारता परत पाठवायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

तासाचा सराव मी असा लावते. पहिली दहा मिनिटं पळापळ, लंगडी, आगगाडी. मग तीन-चार पोरांचे गट आणि प्रत्येक गटाला एक आई, बाबा, काका, आत्या जे कोणी आलं असेल ते. एक गट टीवर, एक फेकीवर, एक झेलावर, दर आठ-दहा मिनिटांनी शिट्टी आणि बदली. मध्ये पाणी, घरून आणलेलं कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून, ऑक्टोबरच्या उन्हात तर दोनदा. शेवटची वीस मिनिटं खेळ. पोरांना सूचना देताना एका वेळी एकच, "पाय पुढे टाक" म्हणा आणि गप्प बसा, कोपर आणि नजर उद्या. आणि नाव घेऊन काय चांगलं केलं ते नेमकं सांगा, नुसतं "शाब्बास" सगळ्यांना एकच ऐकू येतं, "बाय, आज पाय बरोबर टाकलास" हे तिच्या घरी रात्री जेवताना सांगितलं जातं.

खेळात पाच-सहा वर्षांच्या पोरांना आऊट ठेवू नका आणि स्कोअर पण नको. एका इनिंगमध्ये सगळ्यांनी एकदा बॅटिंग करायची, एका फटक्यावर एक बेस, शेवटच्याने मारलं की सगळे होमपर्यंत पळतात, मग टीम बदलायची. तरी दोन इनिंग खूप झाल्या. फिल्डिंगला सगळे बॉलवर तुटून पडतात, ढीग होतो, म्हणून वाळूत प्रत्येकाचं घर आखा आणि दर इनिंगला जागा बदला, जो बरा खेळतो तोच कायम पहिल्या बेसवर असं करायचं नाही, आणि मुलींना लांब आऊटफिल्डला ठेवून विसरायचं तर अजिबात नाही. सात-आठ वर्षांची झाली की एकच आऊट शिकवा, बॉल पहिल्या बेसवर रनरच्या आधी पोचला की आऊट. रनआऊट माहीत असतो, त्यामुळे लगेच कळतं.

पालकांशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. रेघेच्या बाहेरून "अरे पळ, अरे इकडे फेक" असं पाच जण ओरडले की पोर बॉल हातात घेऊन उभंच राहतं. त्यांना काम द्या, बॉल ठेवणारा, बेसवर उभा राहणारा, पाणी देणारा, कामाला लागलेला बाप ओरडत नाही. मे महिन्यात चाकरमानी आले की पोरांची संख्या दुप्पट होते, तेव्हा गट वाढवा, गट मोठे करू नका. गणपतीत आणि शिमग्यात सराव ठेवूच नका, कोणी येणार नाही आणि यायलाही नको.

जून ते सप्टेंबर किनारा बंद, समुद्र खवळलेला असतो, ओहोटी बघूनसुद्धा जायचं नाही. शाळेच्या पडवीत किंवा हॉलमध्ये जुन्या मोज्यांचे गोळे करून टीवरून मारता येतात, भिंतीवर खडूने टार्गेट काढून फेक घेता येते. गडगडायला लागलं की पडवीतली पोरं पण आत वर्गात, अंगणात एक पण नाही. ग्लोव्ह्ज असतील तर पावसात त्यांना बुरशी धरते, पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून हवेशीर जागी ठेवा, कडक उन्हात टाकू नका, चामडं तडकतं.

टीवरून सगळे नीट मारायला लागले की, साधारण सात-आठच्या पुढे, बॉल तुम्ही टाका. पंधरा-वीस फुटांवर एका गुडघ्यावर बसून, वरून, सरळ आणि हळू. उंच झेलासारखा टाकलेला बॉल मारणं उलट अवघड जातं. पोरांनी पिचिंग करायची घाई नको, आणि केली तर मोजा. लिटल लीगची मर्यादा ७-८ वर्षांना दिवसाला ५० पिच, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५ अशी आहे, आणि २० च्या वर टाकले तर दुसऱ्या दिवशी सुट्टी, जास्त टाकले तर जास्त दिवस. आपल्याकडे सकाळी क्रिकेटची बोलिंग झालेली असते ती पण विचारा, खांदा तोच आहे. कोपर दुखतंय म्हटलं की त्या दिवशी फेकणं बंद.

मोठ्या झालेल्या पोरांना बॅट-ग्लोव्ह्जचा खर्च नको असेल तर बेसबॉल-फाईव्ह खेळवा, दोन्ही बाजूंना पाच-पाच, रबरी बॉल हातानेच मारायचा, बेसमध्ये १३ मीटर, पाच इनिंग, शाळेच्या अंगणात मावतो, आणि २०२६ च्या डकार यूथ ऑलिम्पिकसाठी तो घेतलेला आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, तालुक्याच्या क्रीडा शिक्षकांकडे चौकशी करून ठेवा. "क्रिकेट सोडून हे कशाला" असं कोणी विचारलंच तर सांगा की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत, आणि पोरांना दोन्ही खेळू द्या, दहा-बारा वर्षांपर्यंत एकच खेळ धरून बसायचं काही कारण नाही.